रेल्वे चालवणं सोप्पं असतं म्हणे!

मंडळी, आज शनिवार. सकाळी उशिरा उठलोय, चहाचा दुसरा कप चालू आहे आणि बुधवारपासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय ती एकदाची लिहून टाकतो.

बुधवारी हापिसात डबे उघडले होते. आमचा टीम लीड (वय चौतीस, दोन मुलं, एक गाडी, आणि रोज रात्री मुलं झोपली की फोनवर ओपनटीटीडी) पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "रेल्वे चालवण्यात एवढं अवघड काय आहे यार? मी कर्ज काढून कंपनी सुरू करतो. पाचव्या वर्षी कर्ज फिटलेलं असतं. दहाव्या वर्षी इतका पैसा होतो की कुठे घालायचा कळत नाही. आणि ह्यांना पावणेदोनशे वर्षांत जमत नाही! खाजगी करून टाका. जपानने केलं ना? बघ आता कसं सेकंदावर चालतंय."

टेबलावरच्या सगळ्या माना डोलल्या. मी त्या दिवशी डोंबिवली ते ठाणे एका पायावर उभा राहून आलो होतो, त्यामुळे रेल्वेची बाजू घ्यायची इच्छा मलाही नव्हती. शिवाय अप्रेझलचे दिवस. गप्प बसलो. :)

पण मग लक्षात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. सोसायटीच्या ग्रुपवर ऐकलंय, कॉलेजच्या रियुनियनला ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर चार-पाच वर्षांपूर्वी मी स्वतः हेच बोलत होतो. गेमचा दाखला देऊन! आता आपण इंजिनिअर लोक. सिम्युलेशनचं आउटपुट बघून टाळ्या वाजवण्याआधी त्यात काय काय गृहीत धरलंय हे बघायला नको? घर्षण शून्य धरून सोडवलेल्या गणितावर आपण पूल बांधत नाही. मग रेल्वेचं धोरण काय म्हणून ठरवतो?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ह्या गेम्सचा शत्रू नाही, उलट व्यसनी आहे. मावसभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. दहावीच्या सुट्टीत तो अक्षरशः रात्रंदिवस खेळलोय. ख्रिस सॉयर ह्या माणसाने 1994 मध्ये मूळ ट्रान्सपोर्ट टायकून जवळजवळ एकट्याने, असेम्ब्लीमध्ये लिहिला. आज एक बटण हलवायला आम्हाला तीन मीटिंगा लागतात, त्यामुळे त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. ओपनटीटीडी हा त्याचाच पुढे 2004 पासून लोकांनी फुकट वाढवलेला अवतार, आणि तो फोनवर चालतो. म्हणजे आख्खी रेल्वे कंपनी खिशात. आता विरारला चौथी सीट मिळालेल्या माणसालाही कंपनीचा चेअरमन होता येतं. ह्यापेक्षा मोठी क्रांती कुठली?

(फोनवर दुसरीही एक जात असते. 2013 मध्ये आलेल्या पॉकेट ट्रेन्ससारखी. फुकट उतरवा, गाडी खऱ्या घड्याळाप्रमाणे हळूहळू जाणार, घाई असेल तर गेममधलं वेगळं चलन खर्च करा. त्याच्यावर लिहायची इच्छा नाही. वाट बघायची असेल तर ठाण्याला नऊ नंबरचा फलाट आहे की.)

तर मुद्दा लीडच्या गेमचा. त्यात पैसा कसा मिळतो ते बघा. माल किती, दोन स्टेशनांमधलं अंतर किती, आणि पोचायला दिवस किती लागले. बस्स, एवढ्यावर भाडं ठरतं. कोळशाला हे ठीक आहे. पण मूळ गेममध्ये प्रवाशालाही हेच लागू आहे! प्रवाशाला ठिकाणच नसतं. तो फलाटावर येऊन उभा राहतो, येईल त्या गाडीत बसतो, आणि गाडी त्याला जिथे नेईल तिथे आनंदाने उतरून अंतराप्रमाणे पैसे देतो. म्हणून जुने खेळाडू शेजारची दोन गावं कधीच जोडत नाहीत, नकाशाची दोन टोकं जोडतात. म्हणजे मला मुलुंडला जायचंय आणि कंपनीने मला सोलापूरला नेऊन सोडलं, तर मी "वा, काय सेवा आहे" म्हणून दहापट भाडं द्यायचं. ओपनटीटीडीत 2014 पासून प्रवाशाला ठिकाण देण्याची सोय आली आहे, नाही असं नाही. पण ती चालू करून खेळून बघा. लीडला विचारलं, तो म्हणाला, "छे, त्याने सगळं जाम होतं." अरे बाबा, तेच तर! माणसांना ठराविक ठिकाणी, ठराविक वेळी, सगळ्यांना एकदमच जायचं असतं हीच तर रेल्वेची सगळी अडचण आहे. ती बंद ठेवायची सेटिंग मध्य रेल्वेकडे नाहीये.

दुसरी गंमत जमिनीची. नकाशा उघडला की हिरवागार, रिकामा. तिथे कोणाचं शेत नाही, कोणाचा सातबारा नाही, कोर्टात केस नाही. किरकोळ पैसे द्या, रूळ टाका. गावातली घरं पाडलीत तर नगरपालिका नाराज होते, आणि मग तुम्हाला पुढचं स्टेशन बांधू देत नाही. त्यावर उपाय? झाडं लावा. दोन-चार झुडपांच्या रांगा लावल्या की नगरपालिकेचा राग जातो, मग परत घरं पाडा. तेही जमलं नाही तर डीलक्समध्ये लाच द्यायचं बटण आहे. खोटं नाही सांगत, सरळ बटण आहे. (ह्या एका बाबतीत गेम वास्तववादी आहे असं कोणी म्हणेल, मी म्हटलेलं नाही.)

लीडचं म्हणणं की गेम म्हणजे गेम, एवढा कीस कशाला पाडायचा. मान्य. पण मग तोच गेम दाखवून भारतीय रेल्वेला अक्कल शिकवू नये ना!

आणि गंमत म्हणजे हा रिकाम्या नकाशाचा, खाजगी कंपनीचा खेळ आपल्याकडे खरोखर खेळून झालाय. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली ती सरकारची नव्हती, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ह्या लंडनच्या खाजगी कंपनीची होती. शाळेत आपण तारीख पाठ केली, करार कोणी सांगितला नाही. 1849 च्या त्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी दिली होती, आणि जमीन फुकट. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. ती तिजोरी कशाने भरायची? मुख्यतः शेतसाऱ्याने. म्हणजे रूळ ज्याच्या शेतातून गेले त्यानेच लंडनच्या भागधारकाचं व्याजही भरायचं. खर्च आटोक्यात ठेवायची कंपनीला गरजच नव्हती. 5 टक्के कुठे जात नव्हते. लीडला म्हणावं, असा चीट कोड तुझ्या गेममध्ये पण नाही.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. तिथे 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने कंपन्यांना दर मैलामागे रुळाच्या दोन्ही बाजूंची चौकोन चौकोन जमीन बक्षीस दिली, दोन वर्षांनी ती दुप्पट केली. ती विकून आणि तारण ठेवून पैसा उभा करायचा. ही जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती, पण ते कायद्यात मोजलेले नव्हते. म्हणजे ज्या काळावर बेतून टायकून गेम्स केले जातात तो काळसुद्धा तिकिटाच्या पैशावर चाललेला नाही. जमिनीवर चाललेला आहे.

आता माझ्या आवडत्या गेमकडे येतो, ज्याच्यामुळे माझं मत बदललं.

ए-ट्रेन. आर्टडिंक ह्या जपानी कंपनीची ही मालिका 1985 पासून चालू आहे. तिसरा भाग सिमसिटीवाल्या मॅक्सिसने 1992 मध्ये इंग्रजीत आणला. हातात धरून खेळायच्या यंत्रांवर आधी 2009 मध्ये निंटेंडो डीएसवर आला, मग 2014 मध्ये थ्रीडीएसवर, आणि 2021 मध्ये पर्यटनाची जोड दिलेला भाग स्विचवर. मी एक सेकंडहँड स्विच लाइट घेतलाय. डोंबिवली-ठाणे तो बॅगेतून बाहेर काढायचा प्रश्नच नाही, तिथे आपण बॅगेसकट बाहेर फेकले गेलो नाही हेच खूप. पण ठाण्याला ट्रान्सहार्बर बदलली की बहुतेक वेळा बसायला मिळतं. ठाणे ते वाशी अर्धा तास, तेवढीच माझी कंपनी.

पहिल्या डावात मी टायकूनची सवय घेऊन उतरलो. लांबची दोन गावं जोडली, चांगल्या गाड्या घेतल्या, वेळापत्रक लावलं (ए-ट्रेनमधलं वेळापत्रक हा एक स्वतंत्र लेख होईल, कुठल्या स्टेशनातून किती वाजता सुटायचं हे खरोखर बसून ठरवावं लागतं). गाड्या धावल्या. तिकिटाचे पैसे येत राहिले. आणि बँकेचा हप्ता, देखभाल, वर्षअखेरीचा कर भरताना कंपनी अशी काही धापा टाकायला लागली की विचारू नका. दुसऱ्या वर्षी मी जवळजवळ बुडालो. मला वाटलं कुठेतरी बटण चुकलंय.

बटण नव्हतं चुकलं. तो गेमच वेगळा आहे. त्यात इमारत उभी राहायला बांधकामाचं साहित्य लागतं. ते मालगाडीने ओसाड जागी नेऊन साठवायचं, तिथे स्टेशन बांधायचं. मग थोड्या दिवसांनी आपोआप एक घर उगवतं. मग दुसरं. मग दुकान. जमिनीचा भाव चढायला लागतो. ह्यात शहाणा चेअरमन काय करतो? स्टेशन बांधायच्या आधीच आजूबाजूची जमीन स्वस्तात घेऊन ठेवतो, आणि वस्ती वाढली की त्यावर स्वतःच्या उपकंपनीची इमारत, हॉटेल, दुकान टाकतो. ताळेबंदात रेल्वेची ओळ वेगळी आणि ह्या जोडधंद्यांची वेगळी. त्या दोन ओळी मी एके दिवशी कोपरखैरणे ते वाशी नुसत्या बघत बसलो होतो. माझी गाडी माणसं आणत होती. पैसा माणसं जिथे उतरत होती तिथे होत होता.

हे आर्टडिंकच्या पोरांनी कल्पनेने रचलेलं नाही. हा त्यांच्या देशाचा इतिहास आहे. इचिझो कोबायाशी नावाचा एक बँकेतला माणूस ओसाकाच्या एका नव्या रेल्वे कंपनीत आला. कंपनी स्थापन झाली 1907 मध्ये, मार्ग सुरू झाला 1910 मध्ये. मार्ग म्हणजे काय, उमेदापासून शेतांमधून जाऊन एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला, ताकाराझुकाला पोचायचा. प्रवासी कोण बसणार? कोबायाशीने रूळ पडायच्या आधीच वाटेतली जमीन घेऊन ठेवली, आणि इकेदा इथे घरं बांधून नोकरदारांना दहा वर्षांच्या हप्त्याने विकली. 1910 मध्ये ईएमआय! घर घेतलेला माणूस रोज शहरात कामाला जाणार, म्हणजे प्रवासी पक्का. मग उलट्या दिशेच्या रिकाम्या गाड्या भरायला दुसऱ्या टोकाला स्नानगृहं, मुलींची नाटक-संगीताची मंडळी (पहिला प्रयोग 1914, आजही ताकाराझुका जगप्रसिद्ध आहे), आणि 1929 मध्ये उमेदा स्टेशनातच कंपनीचं भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर. हीच आजची हांक्यू. पुढे जपानच्या बहुतेक खाजगी रेल्वे कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला.

म्हणजे लीडसाहेब, तुम्ही ज्याला जपानी रेल्वे म्हणता ती खरं तर एक बिल्डर आहे, जो गाड्या पण चालवतो.

आणि "जपानने खाजगी केलं" ह्याचंही थोडं पोस्टमॉर्टेम करू. 1987 मध्ये त्यांनी राष्ट्रीय रेल्वे मोडून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी केली. तेव्हा जुन्या रेल्वेच्या डोक्यावर सुमारे 37 लाख कोटी येनचं ओझं होतं. ते कुठे गेलं? काही नव्या कंपन्यांनी घेतलं, पण मोठा भाग वेगळ्या सरकारी महामंडळात टाकला, आणि 1998 मध्ये उरलेलं सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या खात्यावर गेलं. टोकियो-ओसाकाच्या कंपन्या झकास चालल्या. जुन्या राष्ट्रीय रेल्वेला जोडधंद्यांवर कायद्याने बरीच बंधनं होती, ती नव्यांना राहिली नाहीत. आज टोकियोच्या जेआर ईस्टच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा गाड्यांबाहेरून येतो, दुकानं, इमारती वगैरे. आणि होक्काइदो, शिकोकूच्या कंपन्या? त्यांचे शेअर आजही सरकारी संस्थेकडेच आहेत, कारण घेणार कोण? होक्काइदोतलं युबारी हे कोळशाचं गाव, एकेकाळी लाखावर वस्ती. खाणी संपल्या, माणसं गेली, 2007 पर्यंत नगरपालिकाच दिवाळखोर झाली, आणि 2019 मध्ये तिथला रेल्वेचा फाटा बंद झाला. शेवटी तर बदल्यात धड बससेवा मिळावी म्हणून महापौरच बंद करायला तयार झाले होते. आमच्या लीडच्या गेममध्ये पण खाणी बंद पडतात. तेव्हा तो बुलडोझरचं चिन्ह निवडतो, रुळांवरून बोट फिरवतो आणि इंजिनं विकून टाकतो. पाच सेकंद. स्टेशनवर एकही म्हातारी उभी नसते.

एवढं लांब जायची गरज नाही म्हणा. माझं हापिस वाशी स्टेशनच्या डोक्यावर आहे. म्हणजे अक्षरशः. खाली फलाट, वर आम्ही कोड लिहितो. तीन वर्षं तिथे नोकरी करून मला हे उशिरा कळलं की मी रोज ज्या इमारतीत कार्ड घासतो तीच ए-ट्रेनमधली उपकंपनीची इमारत आहे! नवी मुंबईत रेल्वे आणायची तर रेल्वे खात्याला एवढा खर्च परवडत नव्हता. म्हणून सिडकोने 67 टक्के घातले, रेल्वेने 33. मानखुर्द-वाशी गाडी 1992 मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत गेली. सिडकोकडे पैसा कुठून आला? जमिनीतून. आजूबाजूची जमीन सिडकोची, गाडी आली की तिचा भाव वाढणार, आणि तो वाढलेला भाव ज्याने रूळ टाकायला पैसे दिले त्याच्याच खिशात जाणार. स्टेशनंही म्हणून तशी ऐसपैस, वर हापिसं, दुकानं. कोबायाशीने शाबासकी दिली असती.

आता डोंबिवलीला चला. तिथे काय झालं? रूळ रेल्वेने टाकले. पुलं, सिग्नल, गाड्या रेल्वेच्या, किंवा राज्य सरकारबरोबर वाटून. त्या गाडीमुळे जमिनीचा जो भाव वाढला तो पूर्ण गेला ज्यांच्या हातात जमीन होती त्यांच्याकडे. त्यातली रेल्वेला दमडी नाही. वर आपल्या तिकिटावर 2016 पासून छापायला लागले की प्रवासाच्या खर्चापैकी रेल्वे सरासरी फक्त 57 टक्केच वसूल करते. म्हणजे एका पायावर उभ्या माणसाला सांगायचं, बाबा रे, तू फुकटा आहेस!

मला ह्या वाक्याचा जाम राग येतो. उरलेले 43 टक्के मी खाल्ले का? गेल्या वर्षी आम्ही घर बघत होतो तेव्हा एका बिल्डरच्या माणसाने चकचकीत कागदावर दाखवलं, "प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं." मी विचारलं, मेट्रो कुठाय? तो म्हणाला, येतेय ना सर. खांब उभे राहायचे होते, भाव केव्हाच उभा राहिला होता. त्या न आलेल्या गाडीचे पैसे मी हप्त्याने वीस वर्षं देणार, आणि ते मेट्रोला मिळणार नाहीत, त्याला मिळणार. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "पाच मिनिटं म्हणजे गाडीने की विमानाने ते विचारायचं राहिलं." घर घेतलं नाही, अजून भाड्यानेच राहतोय.

सरकारला हे कळत नाही असं नाही. एप्रिल 2022 पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. कल्पना बरोबर, की मेट्रोने भाव वाढतो तर त्यातलं काही मेट्रोला द्या. पण मुद्रांक शुल्क भरतो कोण? घर घेणारा. ज्याची जमीन रात्रीत दुप्पट झाली तो हात झाडून मोकळा, आणि ज्याने ती दुप्पट किमतीला घेतली त्याने वर एक टक्का भरायचा. ठाण्यात फ्लॅट घेतलेला माझा मित्र म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून मला "खाजगी की सरकारी" ह्या वादात काडीचा रस उरलेला नाही. आणि उद्या कोणी खाजगी कंपनी "आम्ही लोकल चालवतो" म्हणत पुढे आली, तर माझा पहिला प्रश्न भाडं किती हा नसेल. स्टेशनसमोरची जमीन कोणाला देताय, हा असेल. तिकिटाच्या पैशावर मुंबईची लोकल नफ्यात काढायची म्हटलं तर पास कितीतरी महाग करावा लागेल, आणि मग धुणीभांडी करायला टिटवाळ्याहून येणारी बाई येणार नाही, सिक्युरिटीवाला येणार नाही. ते येत नसतील तर आमचं हापिस तरी काय चालणार आहे? म्हणजे त्यांच्या स्वस्त पासाचा फायदा आमच्या कंपनीलाही होतोय. पण फुकटे कोण, तर पासवाले.

आता इथे माझ्या लाडक्या ए-ट्रेनलाही सोडत नाही. कारण प्रामाणिकपणा तोही एका जागी थांबवतो. त्यातसुद्धा जमीन विकत घ्यायची म्हणजे एक बटण दाबायचं. पैसे कापले जातात, चौकोन आपला होतो. कोणाकडून घेतला ते गेम सांगत नाही. नवी मुंबईत ते चौकोन आगरी-कोळी शेतकऱ्यांचे होते. भातशेती, मिठागरं. पंचाण्णव गावांची जमीन घेतली, आणि भाव असा दिला की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी 1984 मध्ये जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्या आंदोलनातून मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. सिडकोचा हिशोब जमला असं मी वर इतक्या कौतुकाने लिहिलं ना, त्या हिशोबात हा आकडा धरल्याशिवाय तो पुरा होत नाही. वाशी स्टेशनच्या डोक्यावर एसीत बसून ए-ट्रेन खेळणाऱ्या माणसाने तरी तो विसरू नये. मी तीन वर्षं विसरलो होतो, किंवा खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं. हापिसच्या कँटीनमधले काका घणसोलीचे. एकदा जेवण वाढता वाढता बोलले, "ही तुमची इमारत आहे ना, इकडं आमची खाडी होती." तेवढंच.

गेम करणाऱ्यांना हे घालता आलं नसतं का? येईल की. जमिनीच्या चौकोनावर बोट ठेवलं की मालकाचं नाव दिसेल, तो किती मागतो ते दिसेल, "देत नाही" म्हणायचा त्याला हक्क असेल. खेळायला कंटाळवाणं होईल म्हणतात. मला नाही वाटत. तेरा डब्यांचं वेळापत्रक मिनिटामिनिटाने लावत बसणारी आमची जमात कशाला कंटाळेल?

असो. चहा गार झालाय. आता लीडचं पुढे काय झालं ते सांगतो. गुरुवारी मी त्याला वाद न घालता माझा स्विच दिला. म्हटलं, वीकेंडला हा खेळून बघ, तू मोठा चेअरमन ना. नवीन कंपनी सुरू करून दिली. त्याने बॅगेत टाकला.

हे लिहीत असताना आत्ता त्याचा मेसेज आलाय. "अरे दोन शहरं जोडली, गाड्या फुल्ल जातायत, तरी कंपनी तोट्यात. कर्ज परत काढलं. आता स्टेशनच्या समोर कोणीतरी दुसऱ्यानेच चार बिल्डिंगा टाकल्यात आणि बाजूच्या जागेचा भाव परवडत नाही. माझ्या स्टेशनमुळे वाढला ना तो भाव?? मग मला का नाही मिळत?"

मी लिहिलं, सोमवारी डबा खाताना बोलू. आणि स्विच चार्ज करून आण.